नांग्या न भरणारे सर

सर पहाटे कादंबरी लिहीत आणि दिवसभर मेलेली झाडं मोजत. दोन्ही कामांसाठी त्यांच्या चपला वेगवेगळ्या होत्या.

हे विनोदाने सांगत नाही. चिखलीच्या बाहेर आमच्या संशोधन केंद्रावर हरभऱ्याचा एक रोगट प्लॉट आहे. मर रोगाची बुरशी त्या मातीत मुद्दाम जपलेली असते. दर हिवाळ्यात तिथे नवे वाण पेरायचे आणि कोणता मरतो, कोणता तगतो ते बघायचं. त्या प्लॉटात घातलेली चप्पल दुसऱ्या शेतात न्यायची नाही, बांधावर काढून धुवायची, असा नियम. सरांनी तो नियम स्वतःच्या घरापर्यंत नेला होता. त्यांच्या क्वार्टरमध्ये लिहायच्या खोलीच्या दाराशी एक रबरी स्लिपर असायची. ती त्या खोलीबाहेर यायची नाही, आणि शेतातली चप्पल त्या खोलीत जायची नाही. "माती कुठून कुठे जाते, आपल्याला कळत नाही, बाई," म्हणायचे.

केंद्रावर मी लिपिक होते. हजेरी, पत्रव्यवहार, भांडारातल्या वस्तूंच्या याद्या, सगळं माझ्याकडे. सरांचे अहवाल मी टाइप करायची आणि कार्यालय सुटल्यावर त्यांच्या कादंबऱ्याही. दोन्ही कागद टेबलावर शेजारी आलेले त्यांना चालत नसत. अहवाल डाव्या खणात, कादंबरी उजव्या. एकदा घाईत दोन्ही एकाच फायलीत गेले तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त स्वतः बाजारात जाऊन दुसऱ्या रंगाची फाइल घेऊन आले.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका अहवालात माझ्या मनाने एक शब्द घातला होता. "दुर्दैवाने पूर्ण ओळीतील झाडे मेली." मला वाटलं, वाक्य बरं दिसेल. सरांनी 'दुर्दैवाने'वर रेघ मारली. "झाडं मेली एवढं लिहा. दुर्दैव कोणाचं, ते वाचणाऱ्याला ठरवू द्या." कादंबरीतही त्यांचं हेच. माणूस रडला असं लिहायचे, ढसाढसा की मुळुमुळू ते कधी लिहायचे नाहीत. विशेषणाला ते तण म्हणत.

त्यांच्या पत्नी अमरावतीला शाळेत शिकवायच्या. सर दुसऱ्या शनिवारी जायचे, सोमवारी सकाळी परत. एरवी एकटे. घरात खुर्च्या दोन. एकीवर ते बसत, दुसरीवर छापून आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा बसे. कोणी आलं की गठ्ठा जमिनीवर.

आता नांग्यांची गोष्ट सांगते, कारण सर काय होते ते तिच्यावरून कळतं.

पेरलेल्या ओळीत बी उगवलं नाही किंवा रोप मेलं की मध्ये रिकामी जागा पडते. तिला आमच्याकडे नांगी म्हणतात. शेतकरी तिथे पुन्हा बी टोकतो, त्याला नांग्या भरणं म्हणतात. चांगल्या शेतीची ती खूण. रोगट प्लॉटात मात्र नांग्या भरायला सक्त मनाई होती, कारण तिथे रिकामी जागा हाच निकाल असायचा. एका वर्षी सरांनी स्वतः तयार केलेला वाण प्लॉटात होता आणि धडाधड मरत होता. निंदणाऱ्या बायांची म्होरकी फातमाबी. तिला हे पाहवेना. सर अमरावतीला गेले असताना तिने बायांना घेऊन सगळ्या नांग्या भरून टाकल्या. सोमवारी सर बांधावर उभे राहून बघतच राहिले.

"हे कोणी केलं?"

"मीनं केलं, सायेब," फातमाबी म्हणाली. "बाहेरून मोठे सायेब येनार पाहाले. तुमचा हरभरा असा टकला दिसला तं लोक काय म्हनतीन? बुरा नका मानू."

सर रागावले नाहीत. बांधावर बसले. "फातमाबी, तुमी माझी अब्रू राखली. पण मेलेल्याच्या जागी दुसरं लावलं, तं मेलं त्याले कोणी मोजावं?"

त्या वर्षीचा तो सगळा प्लॉट त्यांनी चाचणीतून बाद केला. स्वतःच्या वाणाची वर्षभराची मेहनत गेली. अहवालात एवढंच आलं, की अमुक प्लॉटातील नोंदी ग्राह्य धरू नयेत. फातमाबीचं नाव त्यांनी कुठेही येऊ दिलं नाही.

या बायांशी सरांचं दुसरंही एक नातं होतं. सर आपली कादंबरी त्यांना वाचून दाखवत.

दुपारी बाया खळ्याच्या ओट्यावर उन्हात भाकरीची फडकी सोडून बसायच्या. सरही त्यांच्यात बसत, डब्यात पिठलं आणि हिरवी मिरची. जेवण झालं की कागद काढायचे नाहीत, जेवण चालू असतानाच काढायचे. कारण ते वाचताना बायांच्या हाताकडे बघत. त्यांचा सिद्धांत असा, की तोंडाने केलेली वाहवा खोटी असू शकते, डोळ्यांतलं पाणीही खोटं असू शकतं. पण उपाशी माणसाचा तोंडाकडे निघालेला घास वाटेत थांबला, तर ते वाक्य खरं. जिथे घास थांबायचा तिथे समासात पेन्सिलीचं एक टिंब. एकाच टोळीवर भरवसा नाही. तेच प्रकरण दुसऱ्या दिवशी खुरपणीच्या टोळीला, तिसऱ्या दिवशी वेचणीच्या. चाचणीच्या पुनरावृत्ती असतात तशा.

बाया भिडस्त नव्हत्या. "सायेब, हे बाई नवऱ्याचं एवढं आयकून काऊन घेऊन राह्यली? पायात वहान नाई का तिच्या?" असं मध्येच विचारत. एकदा फातमाबी म्हणाली, "सायेब, तुमच्या गोष्टीत कोनी जेवतच नाई. समदे नुसते इचार करून राह्यले. भुका मरतीन ना ते!"

सर इतके हसले की ठसका लागला. पण त्यानंतरच्या त्यांच्या प्रत्येक प्रकरणात कोणी ना कोणी जेवायला बसतं. समीक्षकांनी याचे बरेच मोठे अर्थ काढले.

सुमनबाई त्या टोळीत नवी आली तेव्हा सर त्यांच्या सगळ्यात मोठ्या कादंबरीच्या शेवटाशी होते. शांत बाई. खामगावकडून भावाकडे राहायला आली, एवढंच आम्हाला माहीत. कामाला तयार, बोलायला नाही. डबा उघडून एकटीच कडेला बसायची.

कादंबरीचा शेवट सरांनी वर्तमानपत्रातल्या चार ओळींवरून घेतला होता. पन्नी टाकलेल्या शेततळ्यात पाय घसरून एक शाळकरी मुलगी बुडाली, अशी बातमी. नाव नव्हतं, गावही धड नव्हतं. अशा तळ्याला चारही बाजूंनी प्लास्टिकचा गुळगुळीत कागद असतो. आत पडलेल्याला पोहता येत असलं तरी वर चढता येत नाही. सरांच्या गोष्टीत मुलगी बाटली भरायला उतरते, घसरते, एकदाच "आई" अशी हाक मारते. मग पाणी शांत होतं. एवढंच. विशेषण एकही नाही.

त्यांनी ते ओट्यावर वाचलं आणि दुपारी कार्यालयात आले तेव्हा चेहरा उजळला होता. "बाई, आज घास थांबला तो खालीच गेला. परत डब्यात. असं कधी झालं नव्हतं." ती सुमनबाई होती.

दुसऱ्या दिवशी टोळी न बदलता त्यांनी दोन वाक्यं गाळून तेच पुन्हा वाचलं. हात पुन्हा त्याच ठिकाणी थांबला. तिसऱ्या दिवशी हाकेची जागा बदलली. मी दर वेळी नवं पान टाइप करत होते. "शब्द जितके कमी करतो तितका हात लवकर थांबतो," सर सांगत होते. सरांच्या हातून याहून चांगलं काही लिहून झालं नव्हतं, हे मला टंकलेखन करतानाच कळत होतं.

त्यानंतर सुमनबाई ओट्यावर यायची थांबली. खळ्याच्या मागे, भिंतीकडे तोंड करून जेवायला लागली. मग फातमाबी कार्यालयात आली. ती कधी उंबऱ्याच्या आत यायची नाही, त्या दिवशी सरळ टेबलापर्यंत आली.

"सायेब, एक बात बोलू का?"

"बोला."

"थे शेततळ्याची गोष्ट नका वाचू आता. सुमनची पोरगी व्हय थे. पिंपळगाव राजाकडे, दुसऱ्याच्या वावरात. चौथीत होती. त्याच्यानंच तं नवऱ्यानं घरात राहू नाई देल्लं हिले. म्हने, तुयं ध्यान नव्हतं."

सरांच्या हातात पेन्सिल होती. ती त्यांनी ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"मला माहीत नव्हतं, फातमाबी."

"आमाले मालूम हाय तुमाले मालूम नव्हतं. पन थे पागलीवानी करून राह्यली ना. थे म्हन्ते, सायबाले कोनी सांगतलं? कोनी पाह्यलं का माह्या पोरीले? तुमाले एक बार भेटाचं म्हन्ते."

सुमनबाई दाराबाहेरच उभी होती. सरांनी तिला आत बोलावून खुर्ची दिली. ती बसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिने एकच विचारलं.

"सायेब, तिनं हाक मारली व्हती का?"

ती टेबलावरच्या कागदांकडे बघत होती.

"तुमी लिवलं ना. आई म्हून हाक मारली. मी त्या टायमाले वावराच्या तिकडच्या धुऱ्यावर, बांधावर व्हती. मले काईच नाई आयकू आलं. कोनी आयकली का थे हाक? तुमाले कोनी सांगतलं?"

त्या प्रश्नाला दोन उत्तरं होती आणि दोन्ही वाईट होती. हाक मारली म्हणावं, तर बाईला जन्मभर ती न ऐकलेली हाक. नाही म्हणावं, तर ते तरी कशावरून? मी सरांकडे बघत होते. सर खोटं बोलतील असं क्षणभर मला वाटलं.

"सुमनबाई," सर म्हणाले, "मले कोणी काही सांगितलं नाही. मले काहीच माहीत नाही. मी पेपरात चार ओळी वाचल्या. हाक मी घरी बसून मनानं लिहिली."

"मनानं?"

"हो."

"म्हंजे झालंच नसन असं बी असू शकते."

"असू शकते."

तिने बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मग म्हणाली, "मनानंच लिवाचं हाय, तं मंग वाचवा ना तिले, सायेब. तुमच्याच हातात हाय."

आणि गेली.

पुढचे दिवस सर ओट्यावर गेले नाहीत. प्लॉटात जात, झाडं मोजत, परत येत. प्रकाशकाचे फोन येत होते. मी एकदा विचारलं, प्रकरण आहे तसं पाठवू का? त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही, म्हणून मी पाठवलं नाही.

मग एका सकाळी ते भांडारात आले आणि मला जाड दोर मागितला. वही काढून मी विचारलं, कशासाठी लिहू? म्हणाले, "लिहा, शेततळ्यासाठी." दोराला हातभर अंतरावर गाठी मारायला त्यांनी रखवालदाराला बसवलं. आमच्या केंद्रावरही पन्नीचं एक तळं आहे, भोवती तारेचं कुंपण असलेलं. सर बनियन आणि पँटवर तिथे गेले. दोराचं एक टोक काठावरच्या खांबाला बांधलं, दुसरं पाण्यात सोडलं.

"सर, हे काय चाललंय?" मी जवळजवळ ओरडले. हिवाळ्याची सकाळ, त्यांचं वय निवृत्तीला आलेलं.

"वाचवायची तर कशी वाचते ते बघायला नको? जमणार नाही ते लिहू कसं?"

आणि ते उतरले. म्हणजे घसरले. पन्नीवर पाय ठेवताच सरळ पाण्यात. निंदणाऱ्या बाया खुरपी टाकून कुंपणाशी धावल्या. फातमाबी आधी हसली, मग "या अल्ला, सायेब पागल झाले!" म्हणून कपाळाला हात लावला. सरांना पोहता येत होतं. त्यांनी दोर धरला, गाठीवर पाय टेकला, कमरेपर्यंत वर आले आणि पुन्हा घसरले. दुसऱ्यांदाही तसंच. ओठ निळे पडत चालले होते. मी ओढायला माणसं बोलावू लागले तर ते पाण्यातून ओरडले, "ओढू नका! तिच्याजवळ कोणी नसते!"

तेव्हा सुमनबाई कुंपणातून आत आली. काठावर आडवी झाली, दोर दोन्ही हातांनी धरला.

"असते," ती म्हणाली. "मी असते तिच्याजवळ. या तुमी वर."

ती ओढत होती आणि सर गाठीगाठीने चढत होते. फातमाबीने सुमनबाईची कंबर धरली, मागे आणखी दोघींनी फातमाबीची. सर वर आले आणि बांधावर पालथे पडून राहिले. कोणीतरी त्यांच्या अंगावर लुगडं टाकलं. सुमनबाई तिथेच बसली होती. तिच्या तळहातांना दोराचे वळ उठले होते. पोरगी गेल्यापासून ती रडली नव्हती असं फातमाबी नंतर म्हणाली. त्या दिवशी ती रडली. ढसाढसा की कसं, ते मी लिहिणार नाही.

सरांना ताप भरला. त्यातून उठल्यावर त्यांनी मला प्रकरण सांगून लिहायला लावलं. मुलगी घसरते. हाक मारते. धुऱ्यावरच्या आईला हाक ऐकू येते. काठाला गाठीचा दोर असतो.

टाइप करता करता माझे हात थांबले. "सर, पहिलं प्रकरण जास्त चांगलं होतं."

"हो."

"रिकामी जागा तशीच ठेवायची, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"अहवालात, बाई," ते म्हणाले. "अहवाल त्या बाईला केव्हाच मिळालाय."

बदललेलं प्रकरण त्यांनी ओट्यावर वाचलं. सुमनबाई समोर बसली होती आणि ती जेवत होती. तिचा हात कुठेच थांबला नाही. बाकीच्याही जेवत राहिल्या. सरांच्या सिद्धांताप्रमाणे प्रकरण पडलं होतं. समासात एकही टिंब नव्हतं. त्यांनी कागद घडी केले आणि तसेच प्रकाशकाकडे पाठवायला माझ्याकडे दिले.

कादंबरी आली. एका मोठ्या नियतकालिकात तिच्यावर लिहून आलं. सगळं पुस्तक ताकदीचं, पण शेवट ओढून आणलेला, लेखकाला शोक पेलला नाही, असं. मी ते कात्रण सरांपासून लपवावं की काय या विचारात होते, तर त्यांनी मागून घेतलं. वाचलं. "बरोबर लिहिलंय," म्हणाले आणि डाव्या खणात, अहवालांच्या बाजूला ठेवून दिलं.

त्यानंतर त्यांनी कादंबरी लिहिली नाही. का, ते मी विचारलं नाही. आजूबाजूच्या गावांतल्या शेततळ्यांची यादी मात्र त्यांनी माझ्याकडून करून घेतली आणि सुट्टीच्या दिवशी एकेका गावी जाऊन दोर बांधून आले. काही शेतकऱ्यांनी चहा पाजला, काहींनी वेड्यात काढलं. निवृत्त झाल्यावर अमरावतीला गेले. गेल्या हिवाळ्यात तिथेच वारले.

केंद्रावर शोकसभा झाली. फोटो, हार, सतरंज्या, वक्त्यांचा क्रम, सगळं मीच पाहिलं. एका शास्त्रज्ञांनी सरांच्या मर न लागणाऱ्या हरभऱ्याबद्दल सांगितलं. कॉलेजचे एक प्राध्यापक कादंबऱ्यांवर बोलले आणि तो एक शेवट सोडला तर सर फार मोठे लेखक होते, असं म्हणाले. फातमाबी आता थकली आहे, तिला नातवाने मोटारसायकलवर आणलं होतं. सुमनबाई मागच्या ओळीत होती. केस पांढरे झालेले.

सभा संपली, लोक चहाकडे गेले. मी खुर्च्या रचत होते. ती जवळ आली.

"म्याडम, एक इचारू का?"

"विचारा ना."

"सायबाच्या पुस्तकातली पोरगी. आता केवढी झाली असन?"

मी मनात हिशेब केला. "बारावीत असेल."

"कुठी?"

"इथंच. चिखलीला, कॉलेजात."

"मंग रोज जानं-येनं करत असन. एसटीनं."

"हो. मुलींना पास असतो."

तिने मान हलवली. माझ्या हातातली खुर्ची घेऊन दुसरीवर नीट बसवली. मग दाराशी जाऊन वळली.

"तिले म्हना, खिडकीभायेर हात काढत नको जाऊ."